रिकाम्या गाडीची हवा

दसरा उलटला की आमच्याकडे उन्हाचा रंग बदलतो, असं म्हणतात. मला काही तो बदललेला दिसत नाही. मला दिसतात टायर. घाटंजीच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या धावू लागल्या की माझी नजर आधी मागच्या चाकांवर जाते. कुणाचं चाक बसलंय, कुणाचं टणक फुगलंय, कुणाचं एकीकडूनच झिजलंय. बाकीच्या बाया गाडीत कोण बसलंय ते बघतात आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त बातम्या कळतात.

यंदाही कापूस फुटला आहे. खालची बोंडं आधी उमलली, आता पांढरेपणा हळूहळू वर चढतो आहे. सकाळी ऊन तापायच्या आत मी अंगणात पिकअपजवळ उकिडवी बसते. व्हॉल्व्हची टोपी काढून दातात धरते, कारण खाली ठेवली की कोंबड्या ती उकरून नेतात. मग हवा मोजायचं गेज लावते. थोडी हवा फुस्सकन नाकावर येते. तिला एक शिळा, रबरी वास असतो. डबा बरेच दिवस बंद राहिला की उघडताना येतो तसा. रस्त्याने जाणारा कुणीतरी हटकून विचारतो, "काय वयनी, गाडीचं बीपी तपासून राह्यल्या का?" मी टोपी दातात असल्यामुळे उत्तर देत नाही. दरवर्षी हाच विनोद होतो आणि दरवर्षी करणाऱ्याला तो नवा वाटतो.

पण या कामाला मी पहिल्यांदा बसले तो हंगाम वेगळा होता. त्या वर्षी ह्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं.

पेरणीच्या वेळी सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं उचलताना मणक्यातली गादी सरकली. यवतमाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि घरी पाठवताना मला बाजूला घेऊन सांगितलं की चालू द्या, बसू द्या, पण धक्का बसता कामा नये. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर आमच्या गावचा रस्ता आठवला आणि डॉक्टर कधी आमच्याकडे आलेले नाहीत हे लक्षात आलं.

गाव ते डांबरी सडक हा रस्ता त्यातल्या त्यात बरा. खरी मौज गाव ते शेत या पांदणीत. दोन्हीकडे बोरी-बाभळी, मधे बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. पावसाळ्यात काळ्या मातीत त्या खोल जातात आणि दसऱ्याच्या उन्हात तशाच कडक वाळून बसतात. मधे एक नाला, त्यात गोटे. आमचं शेत नाल्यापलीकडे. ह्यांना तेव्हा अंगणातून ओट्यापर्यंत चाललं की दम लागायचा, म्हणजे पायी जाणं नाहीच. बैलगाडीत गवत अंथरून नेऊ, असं माझ्या जावेने, मंदाने सुचवलं. ह्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. बैलगाडीत बसून पांदणीने जाणं काय असतं हे धडधाकट माणसालाही ठाऊक आहे.

राहिली पिकअप. ती आम्ही जुनी घेतली होती. आधीच्या मालकाने तिला निळा रंग मारला होता आणि मारताना कशाचीही पर्वा केली नव्हती. मला चालवायला ह्यांनीच शिकवलं, एका उन्हाळ्यात, मोकळ्या वावरात, जिथे आपटायला काही नव्हतं. तरी मी एक पळस पाडला. पण सडकेवर चालवायचे ते हेच. मी वावरातली ड्रायव्हर. ऑपरेशननंतर गाडी पूर्ण माझ्या हातात आली, कारण कापसाच्या दिवसांत रिकामा ड्रायव्हर मिळणं कठीण.

आता ही गाडी माल वाहणारी. मागे स्प्रिंगच्या पाट्यांवर पाटे. हौदा कापसाने भरला, वरून पायांनी तुडवून तुडवून दाबला, जाळी बांधली की अशी चालते, जसं काही तिला कुणी झोपवलंय. आणि रिकामी असली की उड्या मारते. गोटा आला की मागचा भाग उडतो आणि तो दणका सीटमधून थेट माकडहाडाला लागतो. मला हे माहीत होतं, पण माझी कंबर चांगली होती, त्यामुळे त्याबद्दल विचार करायची वेळ आली नव्हती.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा ह्यांना गाडीत बसवलं ते नुसतं गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यायला. देवळाच्या वळणावर एकच खड्डा लागला. वरच्या दांडीला धरलेला ह्यांचा हात पांढरा पडला. घरी आल्यावर खाटेवर आडवे होताना म्हणाले, "झालं. आता वावर पाहनं काही होत नाही."

हे वाक्य माझ्या दिराने ऐकलं. विलासभाऊ, ह्यांच्या पाठचा भाऊ, मंदाचा नवरा. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, मधे एकच धुरा. धुरा म्हणजे तुमच्याकडचा बांध. विलासभाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या वर्षी आमची फवारणी त्यांनीच केली, तण काढायची डवरणी त्यांनीच केली. पण त्या संध्याकाळी खाटेच्या कडेला बसून ते म्हणाले, "दादा, कायले जिवाले तरास करून घेतं? पुढच्या सालापासून वावर माह्याकडं दे बटईनं. तुले घरबसल्या निम्मं पीक येईन."

हे छताकडे बघत म्हणाले, "सीतादहीले वावरात येतो. आलो तं हात लावून पीक पाहीन, मंग बोलू. नाही येता आलं तं घे तू वावर."

सीतादही म्हणजे कापूस वेचायच्या आधीची पूजा. आमच्याकडे पहिलं बोंड तोडायच्या आधी धुऱ्याजवळ पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि दहीभात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, शिंपडतात. हे शेतमालकाने जोडीने करायचं. लग्न होऊन आल्यापासून आमची एकही चुकली नव्हती. म्हणजे सगळा हिशेब माझ्यापुरता सरळ झाला. सीतादहीपर्यंत ह्यांना धक्का न लागता नाल्यापलीकडे पोचवायचं. पोचले तर शेत आमचं राहील, नाही पोचले तर जाईल. निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

मी आधी सीटवर गाद्या रचल्या. एक, दोन, मग उशी. ह्यांचं डोकं छताला लागायला लागलं. नंतर हौद्यात रेतीची पोती टाकायची कल्पना निघाली, भरलेल्या गाडीचं सुख यावं म्हणून. पण मागच्याच पावसाळ्यात ती गाडी नाल्यात वजनाने रुतली होती आणि दोन बैलजोड्यांनी ओढून काढली होती. ह्यांना आत बसवून तो प्रसंग पुन्हा नको होता. गाडीभोवती फिरता फिरता एकदा सहज मागच्या चाकावर लाथ मारली तर माझाच अंगठा सुजला. चाक दगड होतं. तेव्हा डोक्यात आलं की दणका खड्ड्याचा नाही, आपल्या हवेचा आहे.

मी गाडी घेऊन फाट्यावरच्या शब्बीरभाईंकडे गेले. पंक्चरचं दुकान त्यांचं, आमची सगळी चाकं त्यांच्या हातची. म्हटलं, मागची हवा कमी करा.

"काहून?" शब्बीरभाईंनी विचारलं. "गळून राह्यली का?"

"गळत नाही. जास्त आहे. सोडायची आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवायच्या ताटातलं अन्न फेकायला सांगितलंय. "वयनी, सीजनच्या तोंडावर लोकं हवा भराले येतात. सोडाले आजलोक कोनी आलं नाही. अन् हे पाहा, टायरवरच लिहेल हाय किती भराची ते. कंपनीवाले येडे हायत का?"

टायरच्या कडेला बारीक उठावाची अक्षरं होती खरी, आणि आमच्या भागात सगळे तेच वाचून हवा भरतात. कापसाच्या हंगामाआधी एकदा ठासून भरली की तूर निघेपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही. गाडी भरलेली असो, रिकामी असो. हवा कमी असलेली गाडी उभी करणं म्हणजे फाटका सदरा घालून लग्नाला गेल्यासारखं. माझा दीरसुद्धा उभ्या गाडीच्या चाकावर बुक्की मारून टणक वाजलं की समाधानाने मान हलवतो.

मी घरी येऊन ते अक्षर न अक्षर लावलं. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. तिथे लिहिलं होतं की हे टायर जास्तीत जास्त इतकं ओझं आणि इतकी हवा सोसेल. म्हणजे ती त्याच्या सोसण्याची हद्द होती. रोज तितकी भरा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. हे वाचून मला का कोण जाणे, रडूच आलं. आमच्या घरात ह्यांनी किती पोती उचलली हे कुणी विचारलं नव्हतं, कारण ते उचलू शकत होते. जे सोसता येतं ते रोज अंगावर घ्यायचंच असतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, त्यात मीही होते.

खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पट्टीवर असतो, हेही कळलं. गाडी भरलेली असताना किती, रिकामी असताना किती. दार उघडून बघितलं तर पट्टी होती, पण आधीच्या मालकाच्या निळ्या रंगाने तिची अर्धी बाजू गिळली होती. भरलेल्या गाडीचा आकडा स्पष्ट. रिकाम्या गाडीचा आकडा रंगाखाली. नखाने खरवडला, घासलेटने पुसला. रंगाबरोबर आकडाही गेला. यवतमाळला सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, टायर बदललेत का? बदलले होते, आधीच्यापेक्षा जाड. मग म्हणाले की थोडी थोडी कमी करत बघा, लोडच्या हिशेबाने ठेवा. लोड माझ्या घरात खाटेवर झोपलेला होता.

मग मी बघायला सुरुवात केली. एक साधं गेज घेतलं आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. पहिली अक्कल लवकरच आली. दुपारी बाजारातून आले, गेज लावलं, आकडा बराच वर दिसला, मी हवा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चाकं बसलेली. तापलेल्या चाकातली हवा फुगलेली असते, ती खरी नसते. तेव्हापासून मोजणं सकाळीच, गाडी जागची हलायच्या आत. हे मी आता लोकांना सांगते आणि ते "हो का" म्हणून दुपारीच मोजतात.

दुसरी अक्कल महाग पडली. मऊ म्हणजे चांगलं, असं वाटून मी मागची चाकं फारच मऊ केली. गाडी सायीवरून चालल्यासारखी चालली, मी खूश. नाल्यात एका गोट्याने चाक चेपलं आणि टायरच्या कुशीत चीर गेली. स्टेपनी चढवताना घामाने भिजले आणि शब्बीरभाईंच्या दुकानात ते टायर नेताना मान वर करायची सोय राहिली नाही. त्यांनी चिरेत बोट घालून दाखवलं.

मग मधलं गणित. चाकाच्या रुंदीवर खडूने आडवी रेघ ओढायची, डांबरी सडकेवर थोडं जाऊन उतरून बघायचं. रेघ फक्त मधेच पुसली तर हवा जास्त, कडांनीच पुसली तर कमी. सारखी पुसली तर बरोबर. सडकेच्या कडेला गाडी उभी करून चाकापुढे गुडघे टेकून बसलेली बाई बघून एसटी हळू व्हायची. कंडक्टर खिडकीतून विचारायचा, काय झालं बाई? मी म्हणायची, रांगोळी पुसली.

पण सडकेचं जमलं तरी पांदणीचं कसं कळणार? ह्यांना नेऊन बघायचं नव्हतं. चुकलं तर चुकलंच. म्हणून मंदाला ह्यांच्या जागी बसवलं आणि तिच्या मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं दिलं. पहिल्या दिवशी ती नाल्यापर्यंत पोचायच्या आत पदरापासून पोलक्यापर्यंत भिजली. "वयनी, मी का तुमची लॅब हाव?" असं ओरडत उतरली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच जुनं लुगडं नेसून हजर. रोज सकाळी मी थोडी हवा सोडायची, नाहीतर थोडी भरायची, मंदा पातेलं घेऊन बसायची. आम्ही दोघी वीस वर्षांपासून जावा, आमच्यात सणावारापलीकडे फार बोलणं नव्हतं. त्या पांदणीत मात्र तिने मला तिच्या माहेरच्या, नेरच्या घरातलं सगळं सांगितलं. गोटा आला की मधेच थांबायची, पातेलं सांभाळायची, पुन्हा सुरू. सांगून झालं तेव्हा बहुधा हवाही जमली होती. सीतादहीच्या आधी एका सकाळी नाला ओलांडून शेतात गाडी उभी केली आणि मंदाने पातेलं मला दाखवलं. थोडंसं सांडलं होतं, फक्त पदर ओला. दोघी इतक्या हसलो की धुऱ्यावरचे बगळे उडाले.

त्या आकड्याची मी कुठेही नोंद केली नाही. हाताला कळतो. गाडीत पुढे कोण बसलंय, पाऊस होऊन किती दिवस झाले, पांदणीची माती किती कडक आहे, यावर तो थोडा इकडेतिकडे होतो. भरलेल्या गाडीचा मात्र एकच, पट्टीवरचा. कापूस चढला की पंप लावून तितकी भरायचीच, त्यात कुचराई नाही. सडकेवर भरल्या गाडीचं चाक फुटलेलं मी बघितलं आहे, कापूस नालीत आणि ड्रायव्हर कापसावर.

सीतादहीच्या सकाळी ह्यांनी पांढरा सदरा घातला. कित्येक महिन्यांनी खाटेवरचा माणूस बाहेरच्या कपड्यांत दिसला. मी त्यांना सीटवर बसवलं, गादी एकच. दह्याचं भांडं मांडीवर दिलं. ते म्हणाले, "अवं, सांडलं तं?" मी म्हटलं, "नाही सांडत."

मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवलेली नाही. पहिली चाकोरी आली. गाडी एका अंगाला गेली आणि परत आली, नुसती हलल्यासारखी. ते दांडीला धरून बसले होते. दुसऱ्या चाकोरीला हात सैल झाला. पुढे बाभळीखाली सावली होती, तिथे त्यांनी हात खाली घेऊन दह्यावरचं फडकं नीट केलं. नाल्यात उतरताना मी श्वास धरला. गोटे चाकाखाली गेले, चाकांनी ते आत घेतले आणि सोडून दिले. पलीकडे चढून आल्यावर मी विचारलं, "दुखलं?" ते बाहेर बघत होते. म्हणाले, "तूर चांगली लागली हाय ना."

मला तेव्हा झालेला आनंद मी कुणाला दाखवला नाही. इतका होता की दाखवायची लाज वाटली.

विलासभाऊ आणि मंदा धुऱ्यावर आधीच येऊन थांबले होते. ह्यांनी उभ्यानेच पूजा केली, खडे मांडायला मी वाकले. दहीभात शिंपडला. मग ते एकटे ओळीत आत गेले, सावकाश, पऱ्हाटीला हात लावत. खालचं बोंड तोडायला वाकता येईना, म्हणून छातीच्या उंचीचं एक, तिथे पहिलंच फुटलेलं, ते काढलं. बराच वेळ उभे राहिले. ऊन चढत होतं, पाठीवरचा सदरा ओला झाला होता. मला वाटत होतं, आता हा माणूस वळेल आणि म्हणेल, मी करतो.

ते वळले आणि विलासभाऊंना म्हणाले, "घे बटईनं. तुह्याच हातानं पीक चांगलं आलं."

मला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळा हंगाम मी चाकांपुढे गुडघे टेकले होते. मंदा रोज भिजली होती. मी म्हटलं, "मग यायचं कशाला होतं? घरूनच सांगायचं."

ते माझ्याकडे आले. कापूस अजून मुठीत होता. "खाटीवरून कसं देऊ?" ते म्हणाले. "वावर हाय ते. उभं राहून देल्लं पाह्यजे."

राग गेला असं नाही, पण त्याला धरून ठेवायला जागा राहिली नाही. मंदा डोळे पुसत होती. विलासभाऊंनी भावाच्या खांद्याला हात लावला आणि मग, शेतीवाल्या माणसाला पुढचं सुचतंच तसं, गाडीकडे बघितलं. "दादा, मंग पिकअपही माह्याकडंच राहू दे. दोन वावरांचा कापूस जिनिंगले न्याचा म्हंजे मले लागनच. तू तं काही चालवनार नाही."

बरोबरच होतं ते. मी ह्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरात आजवर जे मागायचं ते ह्यांच्याकडे मागितलं जायचं, आणि हे सहसा नाही म्हणत नसत.

"वावर माह्यं होतं, म्हनून देल्लं," ते म्हणाले. "गाडी माही नाही आता. तिले इचार."

विलासभाऊ वळले. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे चहा मागितला होता, पाणी मागितलं होतं, यापलीकडे काही नाही. ते थोडे अडखळले, टोपी सारखी केली.

"वयनी, गाडी देता का?"

"नाही," मी म्हणाले. "कापूस भरून ठेवजा. न्याले मी येईन."